हरसूलचे पाणी कुणाचे?

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे बाजाराचे गाव. भोवती कोकणा, महादेव कोळी, वारली बांधवांचे पाडे. नाशिक शहरापेक्षा इथे कितीतरी जास्त पाऊस पडतो. तरीही उन्हाळा आला की पाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे असतातच. असे का होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

इथली जमीन उताराची, खाली काळा कातळ. त्यामुळे पावसाचे पाणी मुरत नाही. ओहोळांतून नदीत आणि नदीतून थेट पश्चिमेकडे धावते. याच भागातली वाघ नदी पुढे दमणगंगेला मिळते. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात उगम पावून सुमारे 131 किलोमीटरचा प्रवास करते आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात या पाण्यावर भात, नागली, वरई पिकते. उन्हाळ्यात मात्र कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटी-वाटीने हंडा भरावा लागतो. डोंगरावरचे जंगल विरळ होत गेले, तसे झरेही लवकर आटू लागले.

हरसूल परिसरातल्या खरशेत ग्रामपंचायतीतील शेंद्रीपाड्याचे छायाचित्र अनेकांना आठवत असेल. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून, डोक्यावर हंडा घेऊन बायका पलीकडे जात. बातमी गाजल्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने जानेवारी 2022 मध्ये तिथे लोखंडी पूल झाला. त्याच वर्षी जुलैच्या पुराने तो वाहून नेला. उन्हाळ्यात तोंडाला पाणी न देणारी नदी पावसाळ्यात पूलही ठेवत नाही!

खाली मात्र या पाण्याला मोठी मागणी आहे. गुजरातमधील मधुबन धरणातून दमणगंगेचे पाणी शेतीला, दादरा-नगर हवेलीला आणि दमणला जाते. त्याखाली वापीच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीचे रूपच बदलले. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पात भुगड येथे दमणगंगेवर आणि खारगीहिल येथे वाघ नदीवर धरणे बांधून बोगद्यांनी मुंबईला पाणी नेण्याची योजना आहे. तिचा सविस्तर अहवाल 2014 मध्ये तयार झाला. गोदावरी खोऱ्याकडे पाणी वळवण्याच्याही योजना आहेत. मुंबईकरांची तहान खोटी नाही, दुष्काळी भागाचीही नाही. पण ज्यांची शेते आणि घरे पाण्याखाली जाणार, ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो, त्यांच्या हंड्याचा हिशोब आधी व्हायला नको का?

आपल्या दीनने पाण्याबाबत फार स्पष्ट शिकवण दिली आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. वाहत्या नदीकाठी वुज़ू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी ताकीद दिली. हज़रत उस्मान (रज़ि.) यांनी मदीन्यातील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली.

जुलै 2015 मध्ये हरसूलात दंगल झाली, मुस्लिमांची दुकाने लुटली गेली, जाळली गेली. ती जखम विसरा, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुकानदार आणि पाड्यावरचे गिऱ्हाईक यांचा बाजार एक आहे आणि पाण्याचा प्रश्नही एकच. शेजाऱ्याचा हक्क पाण्यापासून सुरू होतो.

म्हणून ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला, तर आपण तिथे असावे. पावसाळा सरताच ओढ्यावर वनराई बंधारा घालायला मुलांना घेऊन जावे. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या आणि माती एवढ्यावर तो होतो. मशिदीतले वुज़ूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे. आणि सदका-ए-जारियाचा विचार करताना एखाद्या पाड्यावरच्या बुजलेल्या विहिरीचा गाळ काढून द्यावा. त्या विहिरीवर हंडा कुणाचा लागतो, हे विचारू नये.