निद्रा आणि मेद

जो मनुष्य पुष्कळ झोपतो तो लठ्ठ होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दुपारी जेवणानंतर ताणून देणाऱ्या गृहस्थाच्या पोटाकडे बोट दाखवून ती वारंवार सिद्धही करण्यात येते. या समजुतीला ग्रंथाधार नाही असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश अशा दोन्ही माणसांचा विचार केला आहे, आणि तेथेच निद्रेचेही विवेचन आहे. स्थूलता आणि कृशता ही विशेषेकरून आहार व निद्रा यांपासून उद्भवतात, असे चरकाचे म्हणणे. ज्याला मेद उतरवावयाचा आहे त्याने व्यायाम आणि चिंतन यांबरोबर जागरणही हळूहळू वाढवावे, असा त्याचा उपदेश आहे. निद्रेची आणि देहभाराची सांगड इतक्या प्राचीन काळी कोणी घालावी, हे विलक्षण होय. परंतु जागरणाने मेद झडतो, हा जो त्याचा निष्कर्ष, तो मात्र आज तपासून घ्यावा लागतो.

अशी तपासणी शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी केली आणि तिचे फलित २०१० साली प्रसिद्ध झाले. वजन काहीसे जास्त असलेल्या दहा प्रौढ स्त्रीपुरुषांना त्यांनी दोन वेळा, चौदा-चौदा दिवस, प्रयोगशाळेत ठेवून घेतले. आहार दोन्ही वेळा सारखाच बेताचा. फरक एवढाच की, एका खेपेस अंथरुणावर साडेआठ तास मिळत आणि दुसऱ्या खेपेस साडेपाच. अखेरीस वजन केले तेव्हा दोन्ही खेपांस सुमारे ३ किलोच उतरले होते. केवळ वजनकाट्यावर विश्वास ठेवणारा माणूस येथे थांबला असता, आणि झोपेचा व वजनाचा काही संबंध नाही असे म्हणून मोकळा झाला असता. पण जे उतरले ते काय होते? पुरेशा झोपेच्या पंधरवड्यात त्यात १.४ किलो चरबी होती. अपुऱ्या झोपेच्या पंधरवड्यात अवघी ०.६ किलो. उलट चरबीखेरीजचा जो देहांश, ज्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, तो पहिल्या वेळी १.५ किलो आणि दुसऱ्या वेळी २.४ किलो गेला. घरातील अडगळ तशीच ठेवून खांब आणि तुळया विकाव्यात, तसाच हा व्यवहार! उपाशीही राहावयाचे आणि गमवावयाचे ते बळ.

दहा माणसे म्हणजे काही मोठा जमाव नव्हे, हे खरे. परंतु अन्य प्रयोगांचा कौलही याच दिशेने आहे. जठरातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य भूक चाळवते, तर चरबीतून निर्माण होणारे लेप्टिन तृप्तीची वर्दी मेंदूला देते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास अंथरुणावर राहू दिले. दहा तास मिळाले होते त्या वेळेच्या तुलनेने लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी अधिक आढळले. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची वासना विशेष वाढली. रात्री अकरानंतर फरसाणाचा डबा उघडला जातो, त्याला केवळ जिभेचे लाड कारण नसतात. पुढे २०२२ साली, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांची झोप, ती आपापल्या घरीच असताना, सुमारे सव्वा तासाने वाढविण्यात आली. आहाराविषयी कोणासही अक्षर सांगितले नव्हते. तरी झोप वाढलेल्यांचे खाणे, इतरांच्या तुलनेने, दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटले. चेन्नईच्या मापाने सांगावयाचे तर चारएक इडल्या!

मग प्रौढांनी निदान सात तास झोपावे, एवढे सांगून वैद्याने उठावे काय? श्रोते हो, याच चेन्नईत त्याचे उत्तर मिळते. फ्रँक शिल्बाख, गौतम राव आणि त्यांचे सहकारी यांनी येथील अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांच्या मनगटांवर झोप मोजणारी यंत्रे बांधली. त्यांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग वजनासंबंधी नव्हता. झोपेचा कामावर आणि कमाईवर काय परिणाम होतो हे पाहावयाचे होते. पण त्यातून प्रथम बाहेर आली ती गोष्ट अशी की, ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत आणि झोपत मात्र साडेपाच तास. रात्रीतून सरासरीने तीसाहून अधिक वेळा त्यांची झोप चाळवे. ज्याने येथील मे महिना काढला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. २७-२८ अंशांखाली न उतरणारी दमट रात्र, डास, दाटीवाटीची खोली आणि बाहेरचे भोंगे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही रस्त्यावरील खिडकी उघडून पाहावे.

संशोधकांनी पंखे, गाद्या, उशा, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातील बोळे असे साहित्य दिले, काहींना वर पैसेही दिले. रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली. पण ती वाढावी म्हणून अंथरुणावर ३८ मिनिटे अधिक घालवावी लागली. आणि एवढ्या वाढीने ना बुद्धीची तल्लखता वाढली, ना कामाची गती. तुकड्यातुकड्यांची झोप आणखी थोडी लांबवली म्हणून ती अखंड होत नाही. तेव्हा वजन उतरविण्यासाठी घड्याळाचे तास मोजणाऱ्याने आधी ते तास कशाने मोडतात हे शोधले पाहिजे. मोठ्याने घोरणाऱ्या स्थूल माणसाच्या बाबतीत तर वाढलेला मेदच श्वास अडवून झोप मोडीत असतो. त्याने पट्ट्या-बोळे न शोधता डॉक्टरांकडे जावे.

त्याच प्रयोगात काही जणांना कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास झोपण्याची सोय करून दिली होती. शांत जागेतील या अर्ध्या तासाने मात्र त्यांचे काम सुधारले आणि मनही प्रसन्न राहिले. गंमत अशी की, स्थूल माणसाला दिवसा झोपण्यास सक्त मनाई करणाऱ्या चरकाने त्याच अध्यायात ओझी वाहून आणि वाट चालून थकलेल्यांना ती मुभा ठेवली आहे, आणि ग्रीष्मात, रात्री लहान असतात म्हणून, इतरांनाही.