गाडीत टॅबलेटला पक्की जागा

(सामुदायिक रेडिओवरील बोलणे, छापण्यासाठी थोडे सावरून)

आम्ही चोरखमाऱ्याच्या बचत गटाच्या बाया. तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचे गाव. नागझिरा 1970 साली अभयारण्य झाले आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून आमच्या गावच्या प्रवेशद्वारावर पाहुण्यांच्या गाड्यांची ये-जा वाढली. आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. पाहुण्यांना रेल्वेवरून आणणे, बाजाराचा माल नेणे आणि कोणाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचे असले तर तेही, ही सगळी कामे ती करते. गटातल्या दोघीजणी ती चालवतात.

आज बोलायचे आहे ते या व्हॅनमध्ये आम्ही टॅबलेट कसा बसवला त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हे बायकांच्या कार्यक्रमात कशाला? पण आता किती घरांत बाया गाडी चालवतात. कोणी स्कूल व्हॅन चालवते, कोणी दुधाची गाडी. नकाशा, हिशोब, पाहुण्यांची नोंद हे सगळे टॅबलेटवर आले. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न साधा वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता.

त्या रात्री काय झाले

आधी आम्ही काचेला चिकटवायचा रबरी होल्डर घेतला होता. पावसाळ्यातली रात्र होती. गावातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन लावला, गाडी दुसऱ्या फेरीवर होती, वेळ लागणार होता. म्हणून आम्हीच तिला घेऊन निघालो. जंगलाच्या कडेच्या सडकेवर समोरून रानडुकरांचा कळप आडवा आला. चालवणाऱ्या ताईने ब्रेक दाबला आणि त्याच झटक्यात होल्डर काचेवरून सुटला. टॅबलेट खाली पडला तो थेट ब्रेकच्या पायाशी. ब्रेक पुन्हा दाबायला गेली तर पायाखाली टॅबलेट. शेजारी बसलेल्या काकूने वाकून तो ओढून काढला म्हणून निभावले. सूनही पोचली, बाळही सुखरूप झाले. पण घरी आल्यावर आम्हा कोणालाच झोप लागली नाही.

अर्धा किलोची वस्तू. घरात पडली तर फार तर काच फुटेल. गाडीत तीच वस्तू ब्रेकखाली गेली तर माणसे जातात. म्हणून ठरवले, टॅबलेटला डॅशबोर्डातच पक्की जागा करायची.

रबरी होल्डर का सुटतो

याचे कारण समजून घेतले की पुढचे सोपे जाते. तो रबर हवेच्या दाबावर काचेला धरून राहतो. काच गुळगुळीत आणि स्वच्छ हवी. आमच्याकडे सडकेची धूळ, उन्हाळ्यात तापलेला रबर, पावसाळ्यात काचेवर आतून आलेला ओलावा. यातल्या प्रत्येक गोष्टीने पकड सैल होते. डॅशबोर्डाचे प्लास्टिक तर दाणेदार असते, तिथे रबर धरतच नाही. आणि काचेवर मधोमध टॅबलेट लावला की पुढची सडक तेवढी झाकली जाते. लहान मूल किंवा वासरू त्या झाकल्या भागात सहज मावते.

जागा निवडताना

आमच्या व्हॅनमध्ये जुना रेडिओ होता, तो बंदच पडलेला. तो काढला की त्याचा खण मोकळा होतो. गाड्यांमधले हे खण ठरलेल्या मापाचे असतात. मोठा खण सुमारे 18 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, लहान खण तेवढाच रुंद पण 5 सेंटिमीटर उंच. सात-आठ इंची टॅबलेट यापेक्षा थोडा मोठाच असतो, म्हणून तो खणाच्या आत जात नाही. खणात लाकडी चौकट घट्ट बसवायची आणि तिच्यावर टॅबलेटचा कप्पा ठेवायचा.

जागा पक्की करण्याआधी या गोष्टी बघाव्यात:

1. गिअर, हँडब्रेक आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघावे. कशालाही अडता कामा नये.

2. एअरबॅगच्या वाटेत काहीही लावू नये. 2019 पासून नव्या गाड्यांत चालकापुढे, तर 2021 पासून शेजारच्या सीटपुढेही एअरबॅग सक्तीची झाली. अपघातात ती डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते. तिच्यापुढे टॅबलेट असला तर तो गोळीसारखा अंगावर येईल. डॅशबोर्डावर एअरबॅगची खूण असते, तो भाग सोडायचा.

3. हवा येण्याची जाळी झाकू नये.

4. अंदाजाने ड्रिल मारू नये. डॅशबोर्डामागे वायरींचे जाळे असते. आधीच असलेला खण वापरण्याचे हेच मोठे कारण.

5. नजर सडकेवरून फार खाली जाता कामा नये. ताशी 40 किलोमीटरने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितले तर 22 मीटर गाडी आंधळी गेली. म्हणून कप्पा जितका वर, पण काचेच्या खाली, तितका बरा.

आधी पुठ्ठा, मग लाकूड

ब्लाउज शिवताना आपण एकदम कापडाला कात्री लावत नाही. आधी कागदावर बेततो. इथेही तसेच. आम्ही जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन खणाच्या मापाचा तुकडा कापला, बसवून बघितला, पुन्हा कापला. चौथ्या वेळी नीट बसला. मग त्यावर पुठ्ठ्याचाच कप्पा चिकटवून टॅबलेट ठेवला आणि दोन्ही ताईंना बसवून विचारले, दिसतो का? हात पोचतो का? एक ताई उंच, एक बुटकी. उंच ताईला उन्हाची चमक डोळ्यांवर येत होती. कप्पा थोडा खाली झुकवला तेव्हा दोघींनाही जमले. हे पुठ्ठ्यावर कळले म्हणून फुकटात सुटलो.

मग गावातल्या सुतारभाऊंकडून 6 मिलिमीटर जाडीच्या प्लायची चौकट करून घेतली. कप्प्याला खालून आणि दोन्ही बाजूंनी कडा, वरून मोकळा. टॅबलेट वरून सरकवायचा आणि वर एक फिरती लाकडी पट्टी लावायची, दाराच्या खिटीसारखी. ही खिटी विसरू नका. नुसत्या कप्प्यातून खड्ड्यात टॅबलेट उडी मारतो. फटी एम-सीलने भरल्या, पॉलिश पेपरने घासले आणि बिनचमकीचा काळा रंग दिला. चमकदार रंग देऊ नये, त्याचे प्रतिबिंब रात्री काचेत पडते.

कप्प्याच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. त्याने टॅबलेट खडखडत नाही आणि ओरखडेही पडत नाहीत. मागच्या बाजूला मात्र पूर्ण लाकूड ठेवले नाही, मोठे भोक ठेवले. टॅबलेट पाठीतून तापतो, त्याला वारा लागला पाहिजे. चौकट मूळ रेडिओच्या स्क्रूच्या जागीच आवळली. नुसत्या डिंकावर किंवा दोन बाजूंच्या टेपवर विसंबू नये. आमच्याकडच्या उन्हाळ्यात टेप सुटतोच.

वीज कशी द्यायची

इथे आमची एक चूक झाली, ती सांगतो. पहिल्यांदा शहरातल्या एका दुकानातून वायर जोडून घेतली. त्यांनी ती थेट बॅटरीवरून ओढली, मध्ये फ्यूज नाही. चावी काढली तरी वीज चालूच. एका रात्री टॅबलेट तसाच सुरू राहिला आणि सकाळी गाडी चालू होईना. हिशोब साधा आहे. टॅबलेटला सुमारे 10 वॅट लागतात. 12 व्होल्टच्या बॅटरीतून ते जवळपास 1 अँपिअर होते. रात्रीचे 10 तास म्हणजे 10 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची, आणि आमची तर जुनी. कशी पुरणार? बॅटरी उतरली हे एक वेळ परवडले. वायर कुठे घासून उघडी पडली असती तर फ्यूजशिवाय ती पेटली असती.

मग ओळखीच्या वायरमनभाऊंकडून सगळे काढून नव्याने केले. तुम्ही करून घ्याल तेव्हा या गोष्टी सांगून करून घ्या:

1. काम सुरू करण्याआधी बॅटरीची वजा बाजूची तार काढावी.

2. वीज अशा ठिकाणाहून घ्यावी जिथे चावी फिरवल्यावरच ती येते.

3. जिथून वीज घेतली तिथेच, अगदी जवळ, 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज लावावा. लांब लावला तर मधली वायर राखणीविना राहते.

4. गाडीतली वीज 12 व्होल्टची, इंजिन चालू असताना 14 च्या वर जाते. टॅबलेटच्या चार्जिंगला 5 व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये गाडीसाठी बनवलेला चांगला चार्जर हवा. फार स्वस्तातला घेऊ नये.

5. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर रबरी कडे घालावे. लोंबती वायर पायाशी येऊ देऊ नये.

उन्हाची गोष्ट

विदर्भाचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. बाहेर 44-45 अंश असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डावर 70 अंशांच्या आसपास जाते. टॅबलेटच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले असते की 35 अंशांपर्यंत वापरा आणि बंद करून ठेवायचा तरी 45 अंशांच्या आतच. जास्त उष्णतेने बॅटरी फुगते. फुगलेल्या बॅटरीचा टॅबलेट वापरू नये, तो पेट घेऊ शकतो.

म्हणून आमचा नियम असा की कप्पा पक्का, पण टॅबलेट सुटा. गाडी उभी केली की खिटी फिरवायची, टॅबलेट काढून पिशवीत टाकायचा. चोरीचीही चिंता मिटते. आणि जंगलात आत जाताना मोबाईल किंवा असल्या वस्तूंबद्दल प्रवेशद्वारावर जो नियम सांगतील तो पाळायचा असतो. टॅबलेट सुटा असल्याने तेही सोपे जाते. वाघाच्या घरी जाताना तसाही नकाशा लागत नाही, वाटाड्या सोबत असतोच.

नेटवर्क नसताना नकाशा

बऱ्याच बहिणी विचारतात, जंगलात रेंज नाही, मग नकाशा कसा चालतो? जागा सांगणारा जीपीएस उपग्रहांवर चालतो, मोबाईलच्या टॉवरवर नाही. पण नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते. म्हणून तिरोडा, गोंदिया, साकोलीपर्यंतचा नकाशा घरी वायफायवर आधीच उतरवून ठेवावा आणि अधूनमधून ताजा करावा. टॅबलेट विकत घेताना एक विचारा: यात जीपीएस आहे का? फक्त वायफायवर चालणाऱ्या काही टॅबलेटमध्ये जीपीएस नसतो. असा टॅबलेट कितीही छान बसवला तरी रस्ता दाखवणार नाही.

कायदा काय म्हणतो

गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे धोकादायक चालवणे धरले जाते. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात रस्ता बघण्यापुरता वापर चालतो, पण चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे टॅबलेट पक्का बसवला तरी चालकाने त्यावर गाणी-सिनेमा बघणे नाहीच. आमच्याकडे पत्ता टाकायचा तो गाडी उभी असताना, नाहीतर शेजारी बसलेली टाकते. फोन आला तर गाडी बाजूला घेऊनच घ्यायचा. रात्री उजेड अगदी कमी ठेवायचा, नाहीतर अंधारातले जनावर डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी

या कामाला आमचे तीन रविवार गेले. चौकट, रंग, चार्जर, वायर सगळे धरून नव्या रेडिओच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्च आला. महिन्यातून एकदा आम्ही चारही स्क्रू आवळतो, खिटी बघतो आणि टॅबलेट हाताने हलवून बघतो.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा अशीच रात्र आली. एका वहिनीला गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात न्यायचे होते. वाटेत चितळ आडवे आले, ताईने करकचून ब्रेक दाबला. मागे बसलेल्या आम्ही सगळ्या पुढे झुकलो. टॅबलेट जागचा हलला नाही. ताईचा पाय ब्रेकवर होता आणि नजर सडकेवर.

तुमच्या गाडीत आज होल्डर कुठे आहे, तो एकदा बघा. हाताने ओढून बघा. सुटला, तर तो रस्त्यात सुटण्याआधी घरीच सुटला म्हणायचे. काही अडले तर पत्र पाठवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.