सायंकाळची वीज व तिची जादा यंत्रे

कळंब तालुक्यातील विद्यार्थी सायंकाळी अभ्यासास बसतो, त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे व दूरदर्शन संच सुरू होतात. विजेची मागणी अशा रीतीने ज्या वेळी सर्वाधिक होते, त्या वेळेस कमाल मागणीचा काळ म्हणतात.

वीज धान्याप्रमाणे कोठारात सहज साठविता येत नाही. बहुतांशी ती लागेल त्याच क्षणी निर्माण करावी लागते. मागणी वाढून पुरवठा अपुरा पडला, तर 50 हर्ट्झ ही ठरलेली वारंवारिता उतरू लागते व सर्व यंत्रणा वाचविण्यासाठी काही भागांचा पुरवठा तोडावा लागतो. त्याचा फटका अभ्यास करणाऱ्या मुलास बसतो.

कोळशाचे थंड केंद्र चालू होण्यास कित्येक तास लागतात, कारण आधी बाष्पकात वाफ तयार व्हावी लागते. तेलावर चालणारे लहान केंद्र मात्र काही मिनिटांत वीज देऊ लागते. ते उभारण्यास खर्च कमी, परंतु तेल महाग व धूरही होतो. म्हणून ते थोडेच तास चालविणे परवडते. केरळात ब्रह्मपुरम येथे 1997 साली असे डिझेल केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पाणी करते. 1962 साली सुरू झालेल्या व पुढे 1,960 मेगावॉटपर्यंत वाढलेल्या कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास मर्यादा आहे. म्हणून ते पाणी गरजेच्या तासांसाठी राखणे हिताचे ठरते. घाटघर येथील 250 मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वर चढवितात व गरजेच्या वेळी खाली सोडतात.

विद्यार्थ्यांस हे एस. टी.च्या उदाहरणाने समजावे. श्रीचिंतामणीच्या यात्रेस जादा गाड्या सोडतात. पण त्या वर्षभर रिकाम्या धाववीत नाहीत.

इयत्ता सातवीस पुढील उदाहरण घालावे: एका गावात 200 घरे आहेत. प्रत्येक घरास सायंकाळी 7 ते 10 पर्यंत 300 वॉट व इतर वेळी 100 वॉट वीज लागते. उत्तर असे की, 20 किलोवॉटची मागणी 60 वर जाते. जादा 40 किलोवॉटचे यंत्र 24 पैकी केवळ 3 तास चालते.

नंतर प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वतःच्या घरातील विजेच्या वापराचा तासवार तक्ता करवून घ्यावा. पाण्याचा पंप चालविणे, इस्त्री करणे यांसारखी कोणती कामे दुपारी उरकता येतील, हे त्याने स्वतः शोधावे. असे एकेक काम पुढेमागे केल्याने सायंकाळचा भार हलका होतो, व अभ्यासाचा दिवा तेवत राहण्यास तेवढाच हातभार लागतो.