मंडळाच्या खोलीत एक तास: फॉरवर्ड मेसेज तपासायला कसं शिकवायचं?

तुमच्या भागात तरुण मंडळ, वाचनालय किंवा अभ्यासिका असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या मंडळातल्या मुलामुलींसाठी तासाभराचा वर्ग घेतो. विषय एकच: फोनवर आलेलं तपासायचं कसं. तुम्हीही तो घेऊ शकता. प्रोजेक्टर लागत नाही, स्वतःचा फोन पुरतो.

हे शिकायचं कशाला?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते.

त्या वर्षी देशभर अशा अफवांसोबत एक व्हिडिओ फिरत होता: बाईकवरून दोघं येतात आणि मूल उचलून नेतात. मुळात तो पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृतीसाठी बनवला होता. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत नेमका तेवढाच भाग कापला होता. एआय नाही, काही नाही.

म्हणून वर्गात आम्ही ‘हे फेक वाटतंय का?’ असं विचारत नाही. ‘हे कधीचं, कुठलं आणि पहिल्यांदा कोणी टाकलं?’ असं विचारतो.

वर्गातल्या चार पायऱ्या

१. स्वतःचा मेसेज निवडा. गेल्या आठवड्यात ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड प्रत्येकाने घ्यायचा. माझं उदाहरण मुलं नुसती ऐकतात, घरच्या ग्रुपवरचं मात्र लगेच शोधायला लागतात. कुणाचे खासगी फोटो मात्र घ्यायचे नाहीत.

२. बाण बघा. व्हॉट्सॲपवर दोन बाण दिसले, तर तो मेसेज मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच चॅटमधून पुढे आलाय. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण बाण म्हणजे ‘खोटं’ नव्हे. चॅट एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे व्हॉट्सॲप मजकूर वाचत नाही, फक्त फॉरवर्ड मोजले जातात.

३. चित्र शोधा. फोटो गूगल लेन्सला द्या. व्हिडिओ असेल तर ठळक दृश्यावर थांबवून दोन-तीन स्क्रीनशॉट काढा आणि ते शोधा. मिळालेल्यांपैकी सर्वांत जुना रिझल्ट उघडा. गॅलरीतल्या तारखेवर जाऊ नका. ती बहुतेक वेळा फोटो तुमच्या फोनमध्ये आल्याची तारीख असते.

४. मेसेजच्या बाहेर पडा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. फॅक्ट-चेकर सरस ठरले, कारण ते त्या पानावर रेंगाळले नाहीत. नवीन टॅब उघडून ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ हे त्यांनी शोधलं. यालाच लॅटरल रीडिंग म्हणतात. तुम्हीही मेसेजमधली लिंक न दाबता तोच दावा वेगळा सर्च करा.

एक धोका

सगळी उदाहरणं खोटी दिली, तर मुलं ‘इंटरनेटवर सगळं खोटंच असतं’ असं म्हणून घरी जातात. मग पुराचा खरा इशारा आला तरी ते विश्वास ठेवणार नाहीत. त्यामुळे मी मुद्दाम दोन-तीन खरे मेसेज मिसळतो. उत्तरंही तीन ठेवतो: खरं, खोटं आणि ‘अजून कळलं नाही’. तिसरं उत्तर आलं तर फॉरवर्ड करायचं नाही, बस!

घरच्यांना कसं सांगायचं?

फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर काकांना खोटं पाडलं, तर ते मेसेज काढणार नाहीत, उलट चिडतील. त्यांना वेगळा मेसेज करा: ‘काका, हा व्हिडिओ जुना आहे, ही मूळ लिंक बघा.’ मग ते स्वतःच ग्रुपवर सांगतात. हा सरावही आम्ही वर्गात करून घेतो, कारण अफवा थांबते ती इथेच.

पाच जण जमले तरी वर्ग होतो. येत्या रविवारी मंडळाच्या खोलीची चावी मागून घ्या आणि सुरुवात करा!