मिनिटाला सहा श्वास

संध्याकाळी सातच्या सुमारास हडपसरच्या गाडीतळाजवळ सिग्नलला अडकलात, तर एक साधा प्रयोग करून बघा. मिनिटभराच्या लाल दिव्यात आपले श्वास किती होतात, ते मोजा. निवांत बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. मागून हॉर्न वाजत असेल, मगरपट्ट्यातल्या ऑफिसातून निघायला उशीर झाला असेल आणि मुलीच्या क्लासची वेळ टळून गेली असेल, तर हा आकडा वरच्या टोकाकडे सरकलेला असतो. पण गंमत अशी, की मोजायला लागताच तो उतरू लागतो.

हृदयाला ‘जरा हळू’ म्हणून सांगता येत नाही, आतड्यांना तर नाहीच. श्वासाचं तसं नाही. तो आपोआप चालतो आणि मनात आलं की हातातही घेता येतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो, तशी ही व्यवस्था. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात काही हजार चेतापेशींचा एक पुंजका श्वासाचा ताल धरतो. १९९१मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जागा नेमकी दाखवली आणि त्याला ‘प्री-बॉट्झिंगर’ असं नाव दिलं. २०१७मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं, की याच पुंजक्यातल्या काही पेशींचा धागा मेंदूला सावध ठेवणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतो. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास नीट घेत राहिले, पण विलक्षण शांत झाले. मन घाबरलं की श्वास वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उलट्या दिशेनेही रस्ता आहे, याचा हा ठोस पुरावा.

प्राणायामाच्या शिबिरात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘खोल श्वास घ्या, शरीराला भरपूर प्राणवायू मिळेल’. कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल, तर तो बोटाला लावून पाहा. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते ९९च्या दरम्यान दिसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं आहे. भरलेल्या हंड्यावर नळ कितीही मोठा सोडला, तरी पाणी बाहेरच सांडणार. उलट भराभर आणि खोल श्वास घेतले, तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. अनेकांना हीच ‘ऊर्जा जागी झाल्याची’ खूण वाटते.

मग फायदा कशात आहे? पहिलं उत्तर साध्या गणितात आहे. एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातली दीडशेच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते. वायूंची देवघेव होते त्या वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले, तर ६ लिटरपैकी कामाची हवा ४.२ लिटर. तेवढीच ६ लिटर हवा सहा संथ श्वासांत घेतली, तर कामाची भरते ५.१ लिटर. हवा तेवढीच, वाया कमी. छातीचे स्नायू ओढण्यापेक्षा पोट हलकंसं फुगवत श्वासपटल खाली उतरवलं, की हे सहज जमतं.

दुसरं उत्तर हृदयाकडे आहे. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. श्वास घेताना ठोके किंचित वेगाने पडतात, सोडताना रेंगाळतात. मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारी व्हेगस ही चेता म्हणजे हृदयाचा ब्रेक. श्वास सोडताना तो अधिक दाबला जातो. योगशास्त्र पूरकापेक्षा (श्वास घेण्यापेक्षा) रेचक (श्वास सोडणं) लांबवायला सांगतं, त्याचं मर्म आज असं समजावता येतं.

याच्या जोडीला रक्तदाबाचीही एक लय असते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांमध्ये दाब जाणणाऱ्या चेता आहेत. दाब वाढला की त्या हृदयाला आवरतात, उतरला की सैल सोडतात. या खालीवर होण्याची एक फेरी साधारण दहा सेकंदांची असते. श्वासही दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा, केला की झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखं होतं. जोर तेवढाच, पण झोका मोठा. हृदयगतीची लाट उंचावते आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चपळ होते.

सहाचा हा आकडा फक्त प्रयोगशाळेतला नाही. २००१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवरचा एक प्रयोग छापला. त्यांना लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला सांगितलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म वेगळे, भाषा वेगळी, श्वासाचं माप एकच.

हे वाचताना हडपसरकरांना आषाढी वारी आठवल्याशिवाय राहणार नाही. पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात. इथून माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. दिवे घाट चढताना कुणाचाही श्वास मिनिटाला सहावर राहत नाही, हे खरं. पण मुक्कामाला पाय मोकळे सोडून बसलेली दिंडी हरिपाठ म्हणते, तेव्हा प्रत्येक ओळ सोडलेल्या श्वासावरच चालते. बोलणं, गाणं, जप हे सगळं रेचकाचंच काम. चरणाच्या शेवटी चटकन घेतलेला श्वास हा पूरक. ‘प्राणायाम’ हा शब्द न उच्चारताही रेचक लांबवण्याचा सराव तिथे होत असतो.

हे सगळं यंत्रांनी तपासून पाहण्याची परंपराही महाराष्ट्राचीच. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, असं त्यांना दिसलं. योगाची महती गाण्याऐवजी तो मोजायला घ्यावा, हा आग्रह शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

त्या आग्रहाने पाहिलं, तर भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याच्या भ्रामरी प्राणायामाचीही एक नोंद सापडते. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला, तर नाकातून येणारा हा वायू सुमारे पंधरापट होतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं. गुणगुणण्याच्या कंपनांमुळे सायनसमधली हवा खेळती होते. यावरून लगेच भ्रामरीने सायनसचा आजार बरा होतो, असं मात्र ठरत नाही.

रोजच्या जगण्यात फरक किती पडतो? २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने लोकांना महिनाभर रोज फक्त पाच मिनिटं श्वासाचे प्रकार करायला दिले आणि एका गटाला ध्यान. चिंता सगळ्याच गटांत उतरली; मन:स्थिती सुधारण्यात लांब उच्छ्वासाचा गट ध्यानाच्या गटापेक्षा सरस ठरला. दम्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावाही सांगतो, की श्वासाच्या व्यायामांनी जगण्याची गुणवत्ता सुधारू शकते. पण इनहेलर आणि रक्तदाबाची गोळी यांची जागा प्राणायाम घेत नाही. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगवान श्वास आणि लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) हे तर हृदयविकार, उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी टाळायचेच प्रकार. हठयोगात कपालभाती मुळात शुद्धिक्रियांमध्ये गणली जाते, हेही विसरलं जातं.

हडपसरसाठी आणखी एक प्रश्न उरतो. श्वास खोल घ्यायचा, पण कुठली हवा? शहराची हवा मोजणाऱ्या ‘सफर’ या प्रकल्पाचं एक केंद्र हडपसरलाच आहे. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हा समज हिवाळ्यात फसवा ठरतो. रात्री जमीन थंडावते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर, बांधकामांची धूळ, शेकोट्या, जळणारा कचरा हे सगळं झाकणाखाली कोंडलं जातं. ऊन चढून जमीन तापली, की हवा वर उसळते आणि झाकण उघडतं. अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकातले केस अडवू शकत नाहीत. श्वास जितका खोल, तितके तेही खोल जातात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेच्या बागेत पहाटे भस्त्रिका करण्यापेक्षा ऊन वर आल्यावर, रस्त्यापासून आतल्या खोलीत बसलेलं बरं. सिग्नलला श्वास मोजावेत, खोल करू नयेत.

पद्धत अगदी साधी. पाठ ताठ पण सैल, तोंड मिटलेलं. मनात सेकंदाला एक असे चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. पाच मिनिटांत तीस श्वास होतात. सहा जड गेले, तर तीन-चारच्या मापाने सुरुवात करावी. ओढाताण झाली, की जीव घाबरा होतो आणि सगळाच हेतू फसतो.

पाच मिनिटं झाली, की मोजणं सोडून द्यायचं. दिवसभर सहावर राहायची गरज नाही. जिना चढताना, भांडताना, हसताना श्वास वाढायलाच हवा. ती गाडी मेंदूतला तो पुंजका चोख चालवतो. आपल्याही पायाखाली एक ब्रेक आहे, एवढं लक्षात असलं म्हणजे पुरे.