फलाटावरचा दादा

मुंबई-गोवा महामार्गावरच्या इन्सुली नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधतात. ट्रकच्या केबिनमध्ये क्लिनर म्हणून बसलेलं पोर बारा वर्षांचं की अठरा, हा त्या तपासणीचा विषय नव्हे. घर सोडलेल्या पोरांना हा महामार्ग आहे आणि १९९८ पासून कोकण रेल्वेही. एका रात्रीत मुंबई.

तिथं उतरल्यावर पोराला आधी भेटतो तो बहुधा पोलीस नसतो, संस्थावालाही नसतो. भेटतो चौदा-पंधरा वर्षांचा ‘दादा’. कुठला नळ रात्री चालू असतो, गस्त कधी येते, कुणाच्या मागे अजिबात जायचं नाही, हे त्याला पाठ. झोपताना धाकटे मधे, हा कडेला; चपला उशाखाली. फुकट काही नाही. बाटल्या वेचून मिळालेल्या पैशांत त्याचा वाटा असतो, आणि नशेसाठी व्हाइटनरचा रुमालही कधीकधी तोच पुढे करतो. त्याला देवदूत म्हणू नये. पण गुंड म्हणून मोकळं होणं हा आपला आळस. त्याच्याशिवायची पहिली रात्र फार वाईट जाते.

असाच एक दादा अमीन शेख. तो पाचव्या वर्षी घरातून पळाला, मुंबईच्या मालाड स्टेशनवर वाढला. बहीण सबीराही रस्त्यावर आली, तेव्हा तिला सांभाळणारा हाच, स्वतः जेमतेम सात-आठ वर्षांचा. पुढे सिस्टर सेराफिन यांनी दोघांना ‘स्नेहसदन’ या बालगृहात नेलं. अमीननं आत्मकथन लिहिलं, २०१६ मध्ये अंधेरीत कॅफे काढला आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांना तिथं काम दिलं.

या दादांची किंमत समाजकार्यकर्त्या जेरू बिलिमोरिया यांनी ओळखली. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून ‘चाइल्डलाइन’ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सुरू झाली, तेव्हा कामाला रस्त्यावर वाढलेले तरुणही घेतले. गल्ल्या त्यांच्या पायाखालच्या, आणि पोरांचा विश्वासही त्यांच्यावरच.

कायद्यानं एकट्या सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. पण धाकट्याला उचलून दादाला हाकलून लावलं, तर धाकटा पुन्हा त्याच्याकडेच पळतो. पंधराचा असला तरी कायद्यानं तोही बालकच. त्यालाही तेवढाच निवारा मिळायला हवा.

सावंतवाडी स्टेशनवर किंवा बांद्याच्या बाजारात असं एकटं पोर दिसलं, तर पाच रुपये देऊन पुढे जाऊ नका. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ फिरवा, आणि मोठा सोबत असेल तर दोघांबद्दल सांगा.