पर्शियन मांजर घेताय? आधी नाक बघा

नातेवाइकांकडे पाहिलेलं पिल्लू, मुलांचा हट्ट, आणि मग एक दिवस घरात पर्शियन मांजर येतं. गोल डोकं, छोटे कान, आखूड जाड पाय, अंगभर लांब मऊ केस, झुपकेदार शेपूट. दिसायला अगदी खेळण्यासारखं. पण पसंत करताना त्याचं नाक नीट बघा.

बाजारात दोन शब्द कानावर पडतात, 'डॉल फेस' आणि 'पंच फेस'. डॉल फेसचं नाक थोडं बाहेर असतं. पंच फेसचं नाक दोन डोळ्यांच्या मधे दाबून बसवल्यासारखं, आणि भाव त्याचाच जास्त. जुनी पर्शियन मांजरं अशी नव्हती. १६२०च्या सुमारास इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने खुरासानच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढे युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांनी निवडून जोड्या लावल्या आणि विसाव्या शतकात चेहरा चपटा होत गेला. आजची पर्शियन मांजरं रक्ताने इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना जवळची आहेत. नाव तेवढं इराणचं!

चपट्या तोंडाचा त्रास मांजराला होतो. नाकपुड्या अरुंद, म्हणून श्वास घेताना घरघर. अश्रूंची नळी वाकडी, म्हणून डोळ्यांतून सतत पाणी आणि नाकाशेजारी तपकिरी डाग. ते रोज ओल्या मऊ कापडाने पुसावे लागतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हाल विचारू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर 'दमलं असेल' म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

स्वभावाने हे मांजर शांत. आवाज हळू, उड्या कमी, रोजचा ठरलेला दिनक्रम आवडतो. ईदला घर पाहुण्यांनी भरलं की पलंगाखाली जाऊन बसेल, तेव्हा मुलांना ओढून काढू देऊ नका. आणि गप्प आहे म्हणजे बरं आहे, असंही नाही. मांजरं दुखणं लपवतात.

केस रोज विंचरायला हवेत, नाहीतर गाठी होऊन कातडी ओढली जाते. जानमाजवर केस पडले तर? हनफी मसलकात मांजराचे केस नापाक नाहीत. शाफई मसलकात गळलेल्या केसांचा मसला वेगळा आहे, थोडे माफ आहेत, म्हणून कोकणातल्या घरांनी आपल्या आलिमांना विचारावं. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याबद्दल मात्र हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत प्रसिद्ध आहे. त्यांनी वुजूचं भांडं मांजरासाठी कलतं केलं होतं. आणि मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. पिंजऱ्यात ठेवून विसरून जाणाऱ्यांनी ती आठवावी.

या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढीजात चालतो. आई-बापापैकी एकाला असेल तर प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता निम्मी. विकणाऱ्याकडे आई-बापाच्या तपासणीचा कागद मागा. पिल्लू झोपलेलं आणि खाताना, दोन्ही वेळा पाहा. तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेत असेल तरच पुढचं बोला.